पलटणीत गेलेल्या पणजोबांचा माग

चाळीसगावहून कन्नडला जाणारी एसटी ज्या घाटाने वर चढते, त्याला कुणी कन्नड घाट म्हणतं, कुणी औट्रम घाट. हा औट्रम म्हणजे जेम्स औट्रम. १८२५ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, खानदेशात भिल्लांची पलटण उभी करणारा कंपनी सरकारचा लेफ्टनंट. पुढे १८५७ मध्ये लखनौच्या वेढ्यात त्याने नाव काढलं, बॅरोनेट झाला, आणि १८६३ साली वारला तेव्हा लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याचं दफन झालं. तिथल्या स्मारकात त्याच्या अर्धपुतळ्याच्या दोन अंगांना शोक करणारी दोन माणसं कोरलेली आहेत. त्यांतला एक भिल्ल आहे. औट्रमला घाटही मिळाला आणि स्मारकही. त्याच्यासाठी दगडात शोक करणाऱ्या भिल्लाला मात्र नाव नाही.

खानदेशातल्या ज्या घरात 'आमचे खापरपणजोबा पलटणीत होते' असं सांगतात, त्या घराची अडचण इथूनच सुरू होते. पलटण कोणती, साल कोणतं, कुठे लढले, याचा पत्ता नसतो. एखादं पदक, एखादा पिवळा पडलेला फोटो, फार तर पेन्शनीची एक आठवण. मग नातू-पणतू लढायांचे इतिहास चाळायला घेतात आणि निराश होतात, कारण त्या इतिहासांत साहेबांची नावं असतात आणि शिपायांचे आकडे. माझं मत असं, की शोधायची जागाच चुकते. सरकारने साध्या शिपायाला नावानिशी लिहून ठेवलं ते पगार देताना, पेन्शन देताना आणि शिक्षा देताना. लढाईचं वर्णन करताना क्वचितच.

त्याही आधी 'खानदेश' म्हणजे काय, ते पक्कं करावं लागतं. महिदपूरच्या लढाईनंतर जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला आणि सातपुड्याच्या दक्षिणेचा होळकरांचा मुलूख इंग्रजांकडे आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज पोलिटिकल एजंट म्हणून आला आणि त्याने धुळ्याला ठाणं केलं. त्या वेळच्या खानदेशात मालेगाव आणि बागलाणही होतं. ते १८६९ साली नव्या नाशिक जिल्ह्यात गेलं. उरलेल्या जिल्ह्याचे १९०६ मध्ये दोन भाग झाले, पूर्व आणि पश्चिम. १९६० नंतर पूर्व खानदेश जळगाव झाला आणि पश्चिम खानदेश धुळे. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार निघालं. म्हणजे १८५० च्या कागदावरचा 'खानदेशचा शिपाई' आज मालेगावच्या तहसिलीत सापडेल आणि १९१६ च्या कागदावर 'वेस्ट खानदेश' लिहिलेला नंदुरबारच्या. जुन्या इंग्रजी कागदांत तर जिल्ह्याचं नावच 'कँडेश' असं लिहिलेलं असतं. जळगाव हा शब्द टाकून जुने दप्तर शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही याचं कारण एवढंच आहे.

आता भिल्ल पलटण. यशवंतराव होळकरांच्या काळातली लुटालूट आणि १८०३-०४ चा दुष्काळ यांनी खानदेश उजाड झाला होता. गावाची राखण करणारे भिल्ल जागल्ये आणि घाटवाटा सांभाळणारे नाईक यांचे हक्क बुडाले. बुडालेले हक्क त्यांनी तलवारीने वसूल करायला सुरुवात केली आणि इंग्रजांच्या भाषेत ते लुटारू झाले. १८१८ नंतरची पहिली सहा-सात वर्षं इंग्रजांनी डोंगर घेरले, गावं जाळली, नाईकांना फाशी दिलं. काही उपयोग झाला नाही. मलेरियाने गोरे आणि काळे दोन्ही शिपाई मरत होते आणि भिल्ल पुढच्या डोंगरावर दिसत होते. तेव्हा मुंबईचा गव्हर्नर असलेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने धोरण बदललं. तीन भिल्ल एजन्सी नेमल्या, हक्क ओळखून शेतजमीन आणि तगाई द्यायची ठरवली आणि त्यांच्यातलेच लोक घेऊन पलटण उभारण्याचं काम तेविसाव्या मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीतल्या औट्रमकडे दिलं. ठाणं धरणगावला.

लोक येईनात. गोळा करून मारून टाकतील, नाहीतर मुलखाबाहेर नेतील, अशी भीती होती, आणि मागची सहा वर्षं पाहता ती खुळी नव्हती. औट्रमने एका छाप्यात काही माणसं पकडली, त्यांतल्या काहींना सोडून नातेवाईक आणायला पाठवलं, नाईकांच्या वस्तीवर बिनपहाऱ्याचा राहिला, त्यांच्याबरोबर शिकारीला गेला. त्याने स्वतः लिहून ठेवलंय की आधी फक्त पाच जण तयार झाले. त्या पाचांपासून वाढत ती शेकड्यांची पलटण झाली आणि दोन-तीन वर्षांत नियमित फौजेच्या चौक्या तिच्याकडे आल्या. १८३५ मध्ये औट्रम गुजरातेत बदलून गेला. त्याच्या चरित्रकारांना हे प्रकरण फार आवडतं. शूर, देखणा साहेब आणि त्याच्यावर जीव टाकणारे रानातले लोक. ही गोष्ट खोटी नाही, पण अर्धी आहे. त्या पाचांनी काय विचार केला असेल? बुडालेल्या वतनाऐवजी दर महिन्याचा पगार, बायकापोरांना लाइनीत जागा आणि पाठीवरचा पाठलाग बंद. हा हिशेब कोणत्याही कुणब्याला कळेल.

अशा माणसाचा आज शोध घ्यायचा तर? पलटणीचा पत्रव्यवहार मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, ज्युडिशियल आणि पोलिटिकल खात्यांच्या खंडांत विखुरलेला आहे. लष्करी खात्यातच शोधत बसणारा माणूस तिथेही फसतो, कारण भिल्ल पलटण बंदोबस्तासाठी होती आणि तिचा कारभार मुलकी अधिकाऱ्यांशी जोडलेला होता. पलटणीचा एक अधिकारी डी. सी. ग्रॅहम याने १८४३ मध्ये खानदेशच्या भिल्लांवर एक टिपण लिहिलं, ते पुढे मुंबई सरकारच्या निवडक कागदपत्रांत छापलं गेलं. त्यात ठिकठिकाणच्या नाईक घराण्यांची नावं आहेत. १८८० चं खानदेश गॅझेटियर बहुतेकांना ठाऊक असतं. ग्रॅहम फार थोडे वाचतात. वाचताना एक सावधगिरी हवी. 'नाईक' ही पलटणीतली पायरीही आहे आणि भिल्लांतलं मुखियाचं पदही, तेव्हा नुसत्या त्या शब्दावरून कुणाला फौजी ठरवू नये.

पलटणीचं काम भिल्लांना आवरण्यापुरतं राहिलं नाही. डिसेंबर १८५२ मध्ये जमिनीच्या नव्या मोजणीविरुद्ध एरंडोल, सावदा, फैजपूर भागातले शेतकरी उठले, मोजणीदारांना पळवून लावलं. तो दंगा मोडायला हीच पलटण गेली होती. काल ज्या भिल्लांच्या भीतीने कुणबी रात्री जागत होता, त्यांच्याच पहाऱ्यात त्याचे पाटील-देशमुख पकडले गेले. आज जळगाव जिल्ह्यात दोन्हींचे वंशज शेजारी राहतात, आणि दोघांच्या पूर्वजांची नावं एकाच प्रकरणाच्या कागदांत सापडू शकतात. एक कैदी म्हणून, दुसरा पहारेकरी म्हणून.

याहून मोठा पेच १८५७-५८ चा. सेंधव्याचा घाट हा मुंबई-आग्रा रस्त्यावरचा नाका. त्याची राखण नाईकांच्या एका घराण्याकडे होती आणि त्यातला खाज्या नाईक कंपनी सरकारच्या पगारावर होता. मध्ये एका कैद्याच्या मृत्यूवरून त्याला तुरुंगवास झाला, सुटल्यावर पुन्हा कामावर घेतलं. १८५७ मध्ये त्याने आणि भीमा नाईकाने बंड केलं, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात सेंधव्याच्या घाटात सात लाखांचा सरकारी खजिना लुटला गेला. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यातल्या अंबापाणीला इंग्रज फौजेने भिल्लांना गाठलं. त्या फौजेत खानदेशची भिल्ल पलटणही होती. भिल्ल भिल्लांवर गोळ्या झाडत होते. लढाई संपल्यावर पकडलेल्यांपैकी पन्नासावर जणांना तिथल्या तिथे लष्करी कोर्ट बसवून गोळ्या घातल्या. चारशेवर बायका कैद झाल्या, त्यांत खाज्या आणि भीमाच्या घरच्याही होत्या.

कागदाच्या दृष्टीने खाज्या नाईक हा फार शिकवणारा माणूस आहे. तो आधी पगारपत्रकात येतो, मग तुरुंगाच्या नोंदीत, मग पुन्हा नोकरीच्या हुकमात आणि शेवटी बंडखोरांच्या यादीत. शिवाय प्रत्येक कारकून त्याचं नाव वेगळं लिहितो: काजी सिंग, कजरसिंग, खाजा, ख्वाजा. एकच माणूस, चार नावं, चार दप्तरं. त्याच्यामागे इतिहासाचे अभ्यासक लागले म्हणून ते तुकडे जोडले गेले. त्याच्याबरोबरच्या माणसांचे तुकडे तसेच पडून आहेत. आपल्याकडे वंशजांना पूर्वज स्वातंत्र्यवीर हवा असतो, आणि पलटणीतला निघाला की फाईल बंद करावीशी वाटते. तसं करू नये. अंबापाणीला दोन्ही बाजूंना एकाच पाड्यातली माणसं असणं सहज शक्य होतं, आणि पेन्शन खाल्लेल्या पणजोबांना आज आपण वकील नेमायचं कारण नाही की न्यायाधीशही.

विसाव्या शतकात शोध थोडा सोपा होतो. पहिल्या महायुद्धात खानदेशातून गेलेला मराठा कुणबी बहुधा मराठा पलटणींपैकी एखाद्या पलटणीत असतो: १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ हे त्यांचे क्रमांक. महार तरुणांना सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भरती बंद केली होती. १९१७ मध्ये गरज पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभारली आणि युद्ध सरल्यावर १९२१ मध्ये मोडली. मोडलेल्या पलटणीतल्या शिपायाचा माग काढणं सगळ्यांत अवघड, कारण त्याची आठवण जपणारी पलटणच मागे राहत नाही. आजची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात उभी राहिली. तिचं केंद्र मध्य प्रदेशात सागरला आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या पणजोबांसाठी पत्र तिथे धाडावं.

मराठा पलटणींचे क्रमांक १९२२ मध्ये बदलले. १०३ ची पाचव्या मराठा रेजिमेंटमधली पहिली बटालियन झाली, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी. ११४ ही बेळगावात प्रशिक्षणाची दहावी झाली. तेव्हा एकाच माणसाच्या १९१८ च्या पदकावर '११० मराठा' आणि १९२५ च्या पेन्शन कागदावर '३/५ मराठा' दिसलं तर ती दोन माणसं नव्हेत.

पदकाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण घरात उरलेली ती बहुधा एकमेव वस्तू असते आणि तिच्याकडे पाहायचं कसं हे सांगणारा कुणी नसतो. पहिल्या युद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं, रुपयापेक्षा मोठं. एका बाजूला राजा पंचम जॉर्जचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा नागवा वीर आणि १९१४ व १९१८ हे आकडे. लोक हेच बघतात आणि पेटीत परत ठेवतात. वाचायचं ते कडेला. पदक उभं धरून खिडकीकडे वळवलं आणि भिंग लावलं की कडेच्या पट्टीवर बारीक इंग्रजी अक्षरं दिसतात: आधी नंबर, मग हुद्दा, मग नाव, मग पलटण. चिंच-राखेने घासून लख्ख केलेल्या पदकाची ही अक्षरं पुसट होतात, म्हणून घासू नये. तेच पदक काशाच्या रंगाचं असेल तर माणूस बंदूकवाला नव्हता. मजूर पलटणीतला किंवा खेचरवाला, भिश्ती, स्वयंपाकी अशांपैकी होता. घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या 'सुभेदारा'चा कडेवर साधा शिपाई निघाला तरी दचकू नये. आणि चांदीचं पदक घरात नसेल तर तेही समजण्याजोगं आहे. अडीअडचणीला सराफाच्या तराजूवर चढलेली पदकं थोडी नाहीत.

नंबर मिळाला की पुढचं दार उघडतं. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनला, बगदादच्या अलीकडे, माघार घ्यावी लागली आणि ७ डिसेंबरपासून कूत अल-अमारा या गावात तुर्कांनी त्यांना कोंडलं. २९ एप्रिल १९१६ ला जनरल टाउनशेंडने शरणागती पत्करली. शेवटच्या महिन्यांत धान्य संपत आलं, घोडे आणि खेचरं मारून मांस वाटलं जात होतं. अनेक हिंदी शिपायांनी ते फार काळ नाकारलं; अंगात रक्त नाही, हिरड्या सुजलेल्या, तरी नाकारलं. शरण आलेल्या तेरा हजारांतले बहुसंख्य हिंदी होते. त्यांना वाळवंटातून चालवत नेलं आणि रास अल-ऐनकडे बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं. वाटेत मेलेल्यांच्या तारखाही नीट नाहीत.

त्यांची नावं बसरा स्मारकावर असावीत अशी अपेक्षा असते. ते स्मारक १९२९ चं. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमाने मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर नेलं. त्यावर चाळीस हजारांवर मृतांचं स्मरण आहे. पण गोऱ्यांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं दगडावर कोरली आणि हिंदी शिपायांचे पलटणीगणिक फक्त आकडे. हा भेदभाव होता, हे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने एप्रिल २०२१ च्या अहवालात स्वतःच मान्य करून माफी मागितली. दगडावर नसली तरी नावं त्यांच्या नोंदवह्यांत आहेत आणि आता संगणकावर कुणालाही बघता येतात. पुष्कळ नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हाही असतो. शोधताना 'ईस्ट खानदेश' आणि 'वेस्ट खानदेश' हे शब्द घालावेत, गावाच्या नावाची स्पेलिंगं चार-पाच तऱ्हांनी करून बघावीत.

जिवंत परतलेल्याची गत मात्र वेगळी. त्याचं नाव कुठल्याही स्मारकात नाही. लोक लंडनच्या दप्तरखान्यांना पत्रं लिहितात. तिथे गोऱ्या अधिकाऱ्यांच्या फायली मिळतात, आपल्या शिपायाची नाही. शिपायाचा शीट रोल पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसात राहायचा. त्यात गाव, बापाचं नाव, जात, उंची, अंगावरच्या खुणा आणि वारस लिहिलेला असे. मराठा पलटणींसाठी विचारणा बेळगावला करावी लागते, आणि पलटण व नंबर दिल्याशिवाय कुणी काही शोधू शकत नाही. पंजाबचं नशीब थोर. तिथे युद्धानंतर गावोगावच्या शिपायांच्या याद्या झाल्या, त्या लाहोरच्या संग्रहालयात पडून होत्या. २०२१ पासून त्यांतली सुमारे तीन लाख वीस हजार माणसं संगणकावर आणण्याचं काम सुरू झालं. आज ब्रिटनमधला पंजाबी मुलगा आपल्या पणजोबांचं गाव टाइप करून त्यांचं नाव काढतो. आपल्याकडे तसं दप्तर तयार मिळत नाही, ते घरोघर आणि तहसिलीतून गोळा करावं लागतं.

तहसिलीत काय मिळतं? गावच्या जन्ममृत्यूची नोंद असलेलं कोतवाल बुक पहिलं. ते अलीकडे जातीच्या दाखल्यांसाठी सगळ्यांना ठाऊक झालंय. पण परदेशी मेलेला शिपाई गावच्या मृत्यूनोंदीत येत नाही, कारण तो गावात मेलाच नाही. त्याच्यासाठी फेरफार बघायचा. घरात जमीन असेल तर त्याच्या नावावरून ती भावाच्या, बायकोच्या, मुलाच्या नावावर चढली असणार. त्या वारसनोंदीचं साल आणि 'लढाईत मयत' अशासारखा शेरा, हाच त्याचा दाखला. युद्धानंतर काहींना जंगी इनाम मिळालं, त्याचेही हुकूम महसुलाच्या कागदांत गेले. त्याआधीचं दप्तर मोडीत. मोडी वाचणारा माणूस हवा असेल तर धुळ्याचं इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ आहे. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच वारले आणि पुढच्या जानेवारीत हे मंडळ निघालं. घराघरांतल्या माळ्यांवरून, रद्दीच्या ढिगांतून कागद उपसणारा हा माणूस खानदेशात देह ठेवतो आणि खानदेशातल्या फौजी घरांतले कागद मात्र दिवाळीच्या साफसफाईत जातात, हे काही बरं नाही.

तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या विसरू नयेत. नाशिक-त्र्यंबकेश्वराला खानदेशातलं घर कधी ना कधी जातंच. क्रियेला आलेल्या मुलाने वहीत बापाचं, आजोबाचं नाव आणि गाव लिहून सही केलेली असते, आणि पेन्शनर पेन्शनीचा उल्लेख अभिमानाने करतो. गिरासे-राजपुतांसारख्या काही कुळांकडे भाटांच्या वह्या आहेत. भाट वाढवून सांगतो, पण बापाचं नाव चुकवत नाही. पराक्रम सोडावा, पिढ्या घ्याव्यात.

जळगाव आणि धुळ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत आणि महाविद्यालयांच्या इतिहास विभागांत एवढं काम सहज होण्याजोगं आहे: तालुक्यागणिक एक वही, आणि तीत घरोघरच्या पदकांच्या कडा, डिस्चार्जचे कागद, पेन्शनच्या चिठ्ठ्या यांची नोंद. एनएसएसच्या पोरांना गावात पाठवलं तरी पुरे. ते होईल तेव्हा होईल. तुमच्या घरात असं काही असेल तर पदक घासू नका, कागदांना लॅमिनेशन करू नका, दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि नंबर लिहून ठेवा. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला पलटणीचं नाव या आठवड्यातच विचारा.